खासदार बदलला, मग सरकार का नाही बदललं?

आपला शिरपूर तालुका धुळे जिल्ह्यात आहे. पण लोकसभेसाठी आपण कोणत्या मतदारसंघात येतो? बरेच जण पटकन धुळे म्हणतात. मोठी माणसंही! उत्तर आहे नंदुरबार. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री आणि शिरपूर हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून तो बनतो आणि तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणून तर २०२४ मध्ये आपल्याकडे १३ मे रोजी मतदान झालं आणि तापीपलीकडच्या शिंदखेड्यात २० मे रोजी.

४ जूनला निकाल लागला. नंदुरबारमध्ये भाजपच्या डॉ. हीना गावित हरल्या, काँग्रेसचे गोवाल पाडवी जिंकले. तरी ९ जूनला पंतप्रधान म्हणून शपथ घेतली ती नरेंद्र मोदींनीच. असं कसं?

कारण आपण थेट पंतप्रधान निवडत नाही, खासदार निवडतो. देशभरातून असे ५४३ खासदार निवडून येतात. ज्याच्यामागे निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान २७२ खासदार, त्याचं सरकार. २०२४ मध्ये भाजपला एकट्याला २४० जागा मिळाल्या, म्हणजे ३२ कमी पडल्या. तेलुगू देसम, जनता दल (संयुक्त) अशा मित्रपक्षांना धरून आघाडीचा आकडा २९३ झाला आणि सरकार बनलं.

उलटही घडलेलं आहे बरं का. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत नंदुरबारमधून सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले. या काळात दिल्लीत १९८९ ला व्ही. पी. सिंग आले, १९९८ ला वाजपेयी आले. नंदुरबारचा खासदार मात्र तोच!

आणि सरकार पडायला निवडणूकच लागते असंही नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारने लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं.

मग खासदार विरोधी बाकावर बसला तर आपलं मत वाया गेलं का? नाही. तो सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो, विधेयकावर मत देतो. स्थानिक विकासासाठीचा वर्षाला ५ कोटींचा खासदार निधीही दोन्ही बाकांना सारखाच असतो.

कृती : घरातल्या मोठ्यांना विचारा, आपले विधानसभेचे आमदार कोण आणि लोकसभेचे खासदार कोण? दोघांचे पक्ष वहीत लिहा. मग राज्यात आणि केंद्रात कोणाचं सरकार आहे ते शेजारी लिहा आणि जुळतंय का बघा.