जळून वाचवणारी ढाल

प्रेशर कुकरची काळी मूठ तुम्ही पाहिलीच असेल. प्लास्टिकची बादली विस्तवाजवळ ठेवली, तर ती वितळते. ही मूठ मात्र वितळत नाही. फार तापली, तर ती करपते. असे का होते?

ही मूठ बहुधा बेकेलाइटची असते. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली हा पदार्थ तयार केला. तो फिनॉलिक रेझिन या जातीचा आहे. रेझिन म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ. उष्णता दिली, की या रेझिनच्या रेणूंचे घट्ट जाळे बनते. मग तो पुन्हा वितळत नाही.

हाच गुण अंतराळयानाच्या कामी येतो. यान वातावरणात शिरते, तेव्हा त्याच्या पुढची हवा जोराने दाबली जाते आणि हजारो अंश तापते. म्हणून यानाला ढाल बसवतात. ढालीतले रेझिन करपते व त्यात बरीच उष्णता खर्च होते. निघालेले वायू तापलेल्या हवेला दूर ढकलतात. वर कोळशाचा थर उरतो. ढाल झिजते, पण यान वाचते. २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात उतरलेल्या भारताच्या कुपीच्या टोकावरही कार्बन व फिनॉलिक रेझिनचे कवच होते.

मग सर्व यानांना एकच रेझिन का चालत नाही? कारण प्रत्येकाचे वजन आणि वेग वेगळे असतात. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या ढालीत सिलिकोन रेझिन व बुचाचा भुगा होता. हीच हलकी ढाल पुढे 'क्युरिऑसिटी'साठी ठरली. पण हे यान फार जड होते. २००७ साली तापलेल्या वायूच्या झोतात चाचणी घेतली, तेव्हा ढालीचे नमुने टिकले नाहीत. वेळ थोडा होता, तरीही शास्त्रज्ञांनी तो पदार्थ सोडला. त्यांनी कार्बनच्या तंतूंत फिनॉलिक रेझिन मुरवलेला 'पिका' निवडला. २००६ मध्ये 'स्टारडस्ट'ची कुपी याच पदार्थाच्या ढालीने पृथ्वीवर सुखरूप आणली होती. ६ ऑगस्ट २०१२ रोजी क्युरिऑसिटीही मंगळावर नीट उतरले.

शोध येथे संपत नाही. फिनॉलिक रेझिन घट्ट होताना पाणी बाहेर पडते, त्यामुळे आत पोकळ्या राहू शकतात. सायनेट एस्टर नावाच्या रेझिनमध्ये तसे होत नाही. म्हणून अशा पर्यायांचाही अभ्यास होतो.

मित्रांनो, एका यानाला वाचवणारी ढाल दुसऱ्या यानाला वाचवीलच असे नाही. जुना अनुभव मोलाचा खरा, पण प्रत्येक नव्या कामाआधी त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते.

स्वाध्याय
१. कुकरची मूठ का वितळत नाही?
२. क्युरिऑसिटीची ढाल का बदलावी लागली?
३. 'ढाल झिजते, पण यान वाचते' हे तुमच्या शब्दांत समजावून सांगा.