साडूंचा शून्य

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ मागच्या महिन्यात फाइल घेऊन आले. ईसीजी, टीएमटी नॉर्मल. एलडीएल 148. वडिलांना एक्कावन्नाव्या वर्षी अटॅक आलेला. मी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली, तर म्हणाले, "डॉक्टर, मला काही होतच नाही, मग जन्मभराची गोळी कशाला?"

टीएमटीत दोष दिसतो तो रक्तवाहिनी बरीच अरुंद झाल्यावर. अटॅक मात्र पुष्कळदा कमी अरुंद जागीच, तिथला चरबीचा थर फुटून, रक्ताची गुठळी झाल्यामुळे येतो. म्हणून अशा दोलायमान माणसाला मी कॅल्शियम स्कोअर काढायला सांगतो. सीटीच्या टेबलावर आडवं व्हायचं, छातीवर ईसीजीचे स्टिकर, काही सेकंद श्वास रोखायचा, झालं. सुई नाही, डाय नाही, किरणोत्सर्गही थोडाच. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना पांढरा दिसतो. त्याचं क्षेत्रफळ आणि घनता यांवरून आकडा काढायची रीत आर्थर ॲगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी 1990 साली मांडली. (हा चुना दुधातून येत नाही; चहा कोरा करू नका.)

यांचा स्कोअर आला 186. शंभराच्या पुढे गेलं की गोळीबद्दल फारसा वाद उरत नाही. स्क्रीनवरचे पांढरे ठिपके त्यांनी स्वतः पाहिले आणि त्याच रात्री गोळी सुरू केली.

पण त्यांच्या साडूंनीही हौसेने स्कॅन केला. शून्य! शून्य म्हणजे पुढची काही वर्षं धोका कमी, हे खरं. पण चरबीचा ताजा, मऊ थर या स्कॅनमध्ये दिसत नाही. सिगारेट, मधुमेह किंवा घरात कमी वयातला हृदयविकार असेल, तर नुसत्या शून्यावर मी गोळी टाळत नाही. साडू दिवसाला दहा ओढतात आणि तो रिपोर्ट बायकोला दाखवतात.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, तर स्कॅनची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा, तिथे आधी ईसीजी होईल.

"पुढच्या वर्षी परत काढू?" गृहस्थांनी जाताना विचारलं. नको म्हटलं. या गोळीने मऊ थर घट्ट होतो, त्यामुळे आकडा उलट वाढूही शकतो आणि उगाच घाबराल. त्यापेक्षा तीन महिन्यांनी एलडीएल तपासू. येताना साडूंनाही आणा.