जयपूरहून लिस्बनला

प्रास्ताविक

माणूस परगावी गेला की तेथील गोष्टींची तुलना नकळत आपल्या गावाशी करू लागतो. 'आमच्याकडचे पाणी गोड', 'इकडचे रस्ते रुंद', 'असा बाजार आपल्याकडे नाही' अशी वाक्ये प्रत्येक प्रवाशाच्या तोंडी येतात. परक्या देशात गेल्यावर ही तुलना अधिकच तीव्र होते. कधी तिच्यातून आपल्या घराविषयीचा अभिमान वाढतो, तर कधी आपण मागे पडलो अशी खंत मनाला लागते. परंतु अभिमान आणि खंत या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवूनही तुलना करता येते. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी जयपूरच्या एका राजाने असा प्रयत्न केला. त्याने आपली माणसे गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवली, तेथील ज्ञान मागवले आणि ते आपल्या ज्ञानाशी ताडून पाहिले. त्या प्रयत्नाची हकिकत या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• जयपूरच्या वेधशाळेची माहिती सांगू शकाल;
• सवाई जयसिंहाने परदेशी पथक का पाठवले हे स्पष्ट करू शकाल;
• दोन देशांची तुलना करताना कोणती काळजी घ्यावी याविषयी आपले मत मांडू शकाल.

मूलपाठ

१. सावली आणि घड्याळ

जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याच्या शेजारी, 'जंतरमंतर' नावाची वेधशाळा आहे. २०१० साली युनेस्कोने तिचा समावेश जागतिक वारसा स्थळांत केला. दगड आणि चुना यांत बांधलेली येथील यंत्रे प्रथमदर्शनी एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या इमारतीच्या जिन्यांसारखी दिसतात. त्यांतील सर्वांत मोठे म्हणजे 'सम्राट यंत्र'. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. खरे तर ते एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे. मधली तिरपी भिंत ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखलेली आहे आणि तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांवर पडते. ती सावली दर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. पट्टीवर बोट ठेवून थोडा वेळ उभे राहिले, की काळ पुढे सरकताना डोळ्यांना दिसतो.

येथे येणारे पाहुणे आपल्या मनगटावरील घड्याळ सावलीशी जुळवून पाहतात आणि गोंधळतात. दोन्ही वेळा जुळत नाहीत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. जयपूर त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य सुमारे २७ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ऋतुमानाप्रमाणे या फरकात काही मिनिटांची भर वा घट होते. म्हणजे सावली चुकलेली नसते आणि घड्याळही चुकलेले नसते. दोघांचे माप घेण्याचे ठिकाण वेगळे असते, एवढेच. हा हिशोब समजल्यावरच त्या दोन वेळांची तुलना करता येते.

२. धातूकडून दगडाकडे

ही वेधशाळा उभारणारा राजा म्हणजे सवाई जयसिंह. त्याचा जन्म १६८८ साली झाला. आमेरचे राज्य त्याच्याकडे लहान वयातच आले. मोगल दरबारातील मोठा सरदार, माळव्याचा सुभेदार आणि जयपूर शहराचा संस्थापक अशी त्याची ओळख इतिहासात आहे. मात्र त्याच्या मनाची खरी ओढ आकाशाकडे होती. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची पंचांगात दिलेली स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थाने यांत अंतर पडू लागले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. सणवार, ग्रहणे आणि मुहूर्त या सर्वांचा हिशोब या स्थानांवर अवलंबून असल्याने ही गोष्ट केवळ विद्वानांच्या चर्चेची नव्हती.

जयसिंहाने संस्कृत सिद्धान्तग्रंथांचा अभ्यास केला. समरकंद येथे पंधराव्या शतकात उलुगबेग या राजाने वेधशाळा बांधून तयार केलेल्या सारण्याही त्याने मिळवल्या. जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणले. आरंभी जयसिंहाने पितळेची यंत्रे करून घेतली. परंतु ती आकाराने लहान होती. त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू सरकत आणि मापे बदलत. म्हणून त्याने अचल अशी दगडी यंत्रे बांधण्याचे ठरवले. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा उभारल्या. एका ठिकाणी घेतलेला वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधाशी ताडता यावा, हा त्यामागील हेतू होता. परदेशाशी तुलना करण्यापूर्वी त्याने आपल्या घरातील मापे एकमेकांशी तपासून घेतली होती.

पाठगत प्रश्न १

१. सम्राट यंत्रावरील वेळ आणि मनगटावरील घड्याळाची वेळ यांत फरक का पडतो?
२. जयसिंहाने पितळी यंत्रे सोडून दगडी यंत्रे का बांधली?

३. गोव्याच्या वाटेने

युरोपातही आकाशाचे वेध घेतले जातात, तेथील विद्वान या कामात पुष्कळ पुढे गेले आहेत, असे जयसिंहाच्या कानावर आले. ही बातमी ऐकून तो थांबला नाही. खरेखोटे पाहण्यासाठी माणसे पाठवावीत, असे त्याने ठरवले. त्या वेळी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. गोवा, दमण आणि दीव त्यांच्याकडे होतेच. वसईही त्यांच्याच ताब्यात होती. ती चिमाजी आप्पांनी पुढे १७३९ साली जिंकून घेतली. अशा रीतीने पोर्तुगाल हा देश समुद्रापार असला, तरी गोव्यामुळे तो शेजारी झाला होता. जयसिंहाचा परिचय ज्या ख्रिस्ती धर्मगुरूंशी होता तेही पोर्तुगीजांच्या संबंधातले होते. त्यामुळे पथकाचा मार्ग आपोआपच ठरला.

ज्या वर्षी जयपूर शहराचा पाया घातला गेला त्याच वर्षी, म्हणजे १७२७ मध्ये, हे पथक निघाले. मॅन्युएल द फिगेरेदो हे धर्मगुरू त्याचे प्रमुख होते. गोव्याहून निघालेली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून महिनोन्महिने प्रवास करीत. वादळे, रोगराई आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देत ती युरोपला पोहोचत. पथक १७२९ साली पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे पोहोचले. पाचवा जुवांव हा तेव्हा तेथील राजा होता. ब्राझीलमधील सोन्यामुळे त्याचा दरबार संपन्न झाला होता आणि इटलीहून आलेल्या ज्योतिर्विदांना त्याने आश्रय दिला होता. पथक परत आले तेव्हा त्याच्याबरोबर पुस्तके आणि ग्रहस्थाने देणाऱ्या सारण्या होत्या. फिलीप द ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या सारण्या त्यांत सर्वांत महत्त्वाच्या होत्या.

४. अर्ध्या अंशाचा फरक

एखाद्या राजाने परदेशाहून आलेले ग्रंथ रेशमी वस्त्रात गुंडाळून ग्रंथालयात ठेवले असते. दुसऱ्याने ते परके म्हणून बाजूला सारले असते. जयसिंहाने यांपैकी काहीही केले नाही. ला हीरच्या सारण्यांवरून त्याने चंद्राचे स्थान काढायला लावले आणि आपल्या वेधशाळेत प्रत्यक्ष घेतलेल्या वेधाशी ते ताडून पाहिले. दोहोंत अर्ध्या अंशाचा फरक आढळला. आकाशातील पूर्ण चंद्राची रुंदी साधारण तेवढीच असते. म्हणजे सारणीतील चंद्र खऱ्या चंद्रापासून एक चंद्रभर दूर होता. इतर ग्रहांतील चूक इतकी मोठी नव्हती. तरीही ग्रहणांच्या वेळा सुमारे १५ पळांनी, म्हणजे ६ मिनिटांनी, पुढेमागे येत होत्या.

हा सर्व तपशील जयसिंहाने आपल्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केला आहे. मोगल बादशहा मुहम्मदशाह याच्या नावावरून या ग्रंथाला 'झीज-इ-मुहम्मदशाही' असे नाव दिले आहे. फरकाचे कारणही त्यात सांगितले आहे. युरोपातील यंत्रांचा व्यास लहान असल्यामुळे त्यांच्या वेधांत चूक राहिली असावी, असे जयसिंहाचे मत होते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. सारण्या आणि आकाश यांत फरक आहे, हा निष्कर्ष मोजून काढलेला होता. त्या काळी युरोपातील कोणतीही चांद्रसारणी पूर्णपणे भरवशाची नव्हती. चंद्राच्या गतीने न्यूटनसारख्या गणितज्ञालाही त्रास दिला होता. फरकाचे कारण मात्र केवळ यंत्रांच्या आकारात नव्हते. युरोपात १६६० नंतरच्या दशकांत मापनयंत्रांवर दुर्बीण बसवण्याची पद्धत सुरू झाली होती. त्यामुळे लहान यंत्रानेही सूक्ष्म वेध घेता येत असे. उलट मोठ्या यंत्रालाही मर्यादा असते. सूर्य हा एक बिंदू नसून त्याचे बिंब दिसते. त्यामुळे सावलीची कड धूसर होते, आणि यंत्र जितके मोठे तितकी ती धूसर कडही रुंद होते. जयसिंहाला दुर्बीण ठाऊक होती. तिच्यातून दिसणाऱ्या गुरूच्या चार चंद्रांचा आणि सूर्यावरील डागांचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. परंतु जयपूरच्या यंत्रांवर ती मोजण्यासाठी बसवली गेली नाही.

५. उलटा प्रवास

फरक आढळल्यावर जयसिंहाने चौकशी थांबवली नाही. बंगालमधील चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीतील धर्मगुरूंशी त्याने पत्रव्यवहार केला. १७३४ साली बूदिए आणि पाँस हे दोन फ्रेंच धर्मगुरू चंद्रनगरहून जयपूरला निघाले. वाटेतील शहरांचे अक्षांश आणि रेखांश मोजत त्यांनी हा प्रवास केला. पुढे १७४० साली दोन जर्मन धर्मगुरूही जयपूरला आले. आता परदेशातील माणसे जयसिंहाचे आकाश पाहायला येत होती.

जयपूर हे त्या काळी अशा ये-जा करणाऱ्यांचे शहर होते. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या तीर्थयात्रेला गेल्या, तेव्हा त्यांचाही मुक्काम जयपूरला होता आणि जयसिंहाने त्यांचा आदरसत्कार केला होता. शहराला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. सरळ रुंद रस्ते आणि आखीव चौक असलेली ती नवी नगरी पुण्याहून आलेल्या यात्रेकरूंना निराळी वाटल्यावाचून राहिली नसेल.

६. तुलनेची मर्यादा

१७४३ साली जयसिंहाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच्या कामाला तसा आश्रयदाता लाभला नाही. मथुरेची वेधशाळा नाहीशी झाली. उज्जैनची वेधशाळा जीर्ण झाली होती. तिची दुरुस्ती विसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी करवून घेतली.

जयसिंहाचे पथक लिस्बनला गेले, कारण गोव्याची वाट तिकडे जात होती. त्या काळातील युरोपची अग्रगण्य वेधशाळा मात्र पॅरिस आणि ग्रिनिच येथे होत्या. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ कॅथलिक चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होता. त्यामुळे धर्मगुरूंच्या हातून आलेल्या ज्ञानाला काही कुंपणे होती. परदेशात काय दिसते हे आपण कोणत्या दाराने आत जातो आणि कोणाचे बोट धरून फिरतो यावर पुष्कळ अवलंबून असते. एक शहर पाहून संपूर्ण देशाविषयी, किंवा एक देश पाहून संपूर्ण खंडाविषयी मत बनवणे म्हणूनच धोक्याचे असते.

ही मर्यादा मान्य करूनही जयसिंहाच्या प्रयत्नाचे मोल कमी होत नाही. 'आपले ते सर्व थोर' असे तो म्हणाला नाही. 'परक्यांचे ते सर्व खरे' असेही त्याने मानले नाही. संस्कृत, अरबी, फारसी आणि युरोपीय ज्ञान त्याने एकाच कसोटीला लावले. ती कसोटी म्हणजे प्रत्यक्ष आकाश. कारण शोधताना तो चुकला, पण आपले मोजमाप त्याने लिहून ठेवले. म्हणूनच त्याचे कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे आज तीनशे वर्षांनंतरही सांगता येते. सम्राट यंत्राची सावली आजही घड्याळाच्या मागे चालते, आणि हिशोब मांडून पाहणाऱ्याला ती बरोबर वेळ सांगते.

पाठगत प्रश्न २

१. पोर्तुगाल दूर असूनही त्याला 'शेजारी' का म्हटले आहे?
२. जयसिंहाचा कोणता निष्कर्ष मोजून काढलेला होता आणि कोणते अनुमान अपुरे ठरले?

शब्दार्थ

वेध – आकाशातील ग्रहताऱ्यांचे स्थान मोजणे
सारणी – ओळी व रकान्यांत मांडलेले आकडे, कोष्टक
अचल – न हलणारे
पळ – घटकेचा साठावा भाग, २४ सेकंद
निषिद्ध – मनाई केलेले
कसोटी – खरेखोटे पारखण्याचे साधन

स्वाध्याय

१. 'परदेशाशी तुलना करण्यापूर्वी त्याने आपल्या घरातील मापे एकमेकांशी तपासून घेतली होती.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'आपण कोणत्या दाराने आत जातो' या शब्दांतून सुचवलेली तुलनेची मर्यादा पाच-सहा ओळींत लिहा.
३. तुम्ही कामानिमित्त, लग्नकार्यासाठी किंवा यात्रेसाठी दुसऱ्या गावी वा राज्यात गेला असाल. तेथील एका गोष्टीची आपल्या गावातील तशाच गोष्टीशी तुलना करा. प्रत्यक्ष पाहिलेले काय आणि केवळ ऐकलेले काय, हे वेगळे लिहा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : अचल, सूक्ष्म, परका, अभिमान.