बटाट्याला मातीची भर कशासाठी?

बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात. आपल्या गुजरातेत डिसा भागात त्याची लागवड नोव्हेंबरच्या सुमारास होते. पाणीगेटच्या परसातही तेव्हाच लावावा. कोंब आलेले बेणे 20 सें.मी. अंतरावर, कोंब वर ठेवून मातीत पुरावे. महिन्याभराने रोप वीतभर वाढले की दोन्ही बाजूंची माती बुंध्याशी ओढावी. हीच भर.

गेल्या वर्षी आम्ही भर देण्याचा आळस केला. उघडे पडलेले बटाटे उजेडाने हिरवे झाले. अशा बटाट्यात सोलॅनिन हे विष वाढते. ते उकळूनही जात नाही. सगळे टाकावे लागले. पालकांनो, बाजारातून आणलेले बटाटेही अंधारात ठेवा. हिरवा बटाटा मुलांच्या डब्यात नको.