सूर्यावर चालणारी तीन बेटे



परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी पृथ्वीचा गोल आणला. ते म्हणाले, "यावर तोकेलाऊ शोधून दाखवा." आम्ही सगळ्यांनी बोटे फिरवली, पण कोणालाच सापडेना. मग गुरुजींनी पॅसिफिक महासागरात एका जागी पेन्सिलीचे टोक टेकवले. तिथे नुसता निळा रंग होता. गुरुजी म्हणाले, "ते इथे आहे. पण इतके लहान आहे की या गोलावर छापलेलेच नाही." मग त्यांनी तिथल्या विजेची गोष्ट सांगितली. तीच मी आज लिहिते.

तोकेलाऊ कसे आहे?

तोकेलाऊ हा न्यूझीलंड देशाच्या ताब्यातील छोटा प्रदेश आहे. त्यात आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो अशी तीन बेटे आहेत. ही पोवळ्यांची बेटे आहेत. खरे म्हणजे एकेक बेट म्हणजे लहान लहान तुकड्यांची माळच. मधोमध खाऱ्या पाण्याचे तळे आणि भोवती बांगडीसारखी जमीन. तिन्ही मिळून जमीन सुमारे १२ चौरस किलोमीटर. म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढीच! लोकसंख्या सुमारे १५००. तिथे नदी नाही. घराच्या छपरावर पडलेले पावसाचे पाणी टाकीत साठवून पितात. तिथे विमानतळही नाही. समोआ देशातून जहाज निघते, त्याला पोचायला एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, कारण पाण्यात पोवळ्यांचे खडक आहेत. म्हणून सामान लहान होडीत उतरवून आणावे लागते. तोकेलाऊ या शब्दाचा अर्थ उत्तरेचा वारा.

आधी लाईट कशी मिळायची?

आधी तिथे डिझेलवर चालणाऱ्या यंत्रांनी वीज तयार करीत. एकेका बेटावर रोज सुमारे २०० लिटर डिझेल जळत असे. वर्षाला २००० पेक्षा जास्त पिंपे लागत. ती सगळी पिंपे जहाजातून यायची आणि मग खडकावरून होडीने न्यायची. डिझेल बेटावर पिकत नाही. ते दुसऱ्याकडून विकत घ्यायचे आणि जहाजाची वाट बघायची. डिझेल समुद्रात सांडले तर मासे मरणार, आणि मासे हेच तर तिथल्या लोकांचे मुख्य अन्न.

हे मी घरी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "अगं, आमचं रॉकेल असंच होतं. रेशनच्या दुकानात आलं की कळायचं, मग डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. नाही आलं तर चिमणी लवकर विझवायची." आजीला तोकेलाऊ माहीत नव्हते, पण त्यांचे दुःख तिला लगेच कळले. आता आपल्याकडे तारेतून लाईट येते. पण डीपी जळाला की चार-चार दिवस आपणही वाटच बघतो.

मग सूर्याची वीज आली

२०१२ साली तिन्ही बेटांवर सूर्याच्या उन्हावर वीज तयार करणारी केंद्रे बांधली. सर्व मिळून ४०३२ सोलर प्लेटा आणि १३४४ बॅटऱ्या बसवल्या. एकेक बॅटरी सुमारे अडीच क्विंटल वजनाची. त्यासुद्धा जहाजातून आणून होडीने उतरवल्या! खर्च न्यूझीलंडचे सुमारे ७० लाख डॉलर झाला. आधी डिझेलवर दर वर्षाला १० लाख डॉलरच्या आसपास जात. मी भागाकार करून पाहिला. ७० लाखाला १० लाखाने भागले तर ७ वर्षे येतात. म्हणजे सात वर्षांत वाचलेल्या डिझेलमध्ये केंद्राचे पैसे फिटतील.

प्लेट कशी काम करते? प्लेटेवर ऊन पडले की तिच्यात वीज तयार होते. ती दिवसा वापरायची. उरलेली बॅटरीत साठवायची. रात्री ऊन नसते तेव्हा बॅटरीतली वीज वापरायची. आपण हंडाभर पाणी सकाळी भरून ठेवतो आणि दिवसभर वापरतो, तसेच. प्लेट व बॅटरीतली वीज घरातल्या पंख्याला, दिव्याला जशीच्या तशी चालत नाही. ती बदलून देणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर म्हणतात.

तेव्हा तोकेलाऊची जवळजवळ सगळी वीज सूर्यापासून मिळू लागली. असे करणारा तो जगातला पहिला प्रदेश ठरला. मला लई नवल वाटले. गोलावर ज्याला जागा नाही त्याचा पहिला नंबर!

पण गोष्ट इथे संपत नाही

गुरुजी म्हणाले, अर्धी गोष्ट सांगू नये. वीज भरपूर मिळाल्यावर लोकांनी घरोघरी फ्रीज आणि इतर यंत्रे घेतली. वीज जास्त लागू लागली. ढगाळ दिवसांसाठी ठेवलेली डिझेलची यंत्रे पुन्हा जास्त चालवावी लागली. बॅटऱ्याही जुन्या होतात. म्हणून पुढे आणखी प्लेटा आणि बॅटऱ्या बसवायचे काम हाती घ्यावे लागले. सूर्य फुकट ऊन देतो, पण प्लेट आणि बॅटरी आपणच सांभाळायची असते. त्यासाठी तिथल्याच माणसांना हे काम शिकवले आहे. बाहेरून माणूस यायचा म्हणजे पुन्हा जहाजाची वाट बघणे आले.

तिथली जमीन समुद्रापेक्षा फार तर पाच मीटर उंच आहे. जगात कोळसा आणि तेल जाळून हवा तापते, बर्फ वितळते, समुद्र वर चढतो. १५०० माणसे किती धूर करणार? धूर मोठ्या देशांचा जास्त, आणि पाणी मात्र यांच्या अंगणात येते. तरीसुद्धा त्यांनी आपला धूर आधी कमी केला.

मला सर्वात आवडलेली त्यांची एक रीत आहे. तिला ते इनाती म्हणतात. गावाने मिळून मासे धरले की ते सगळ्या घरांत सारखे वाटायचे. म्हातारी माणसे समुद्रावर जाऊ शकत नाहीत, त्यांनाही वाटा मिळतो.

आमच्या शाळेची प्लेट

आता मला एक चूक कबूल करायची आहे. आमच्या शाळेच्या छपरावरही चार सोलर प्लेटा आहेत. त्यावर आमचा संगणक चालायचा. दिवाळीनंतर तो बंद पडला. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी प्लेटेवर बोट फिरवले तर बोट मातीने भरले. मग बॅटरीचे झाकण उघडून म्हणाले, "पाणी पार आटलंय. कोणी बघितलंच नाही का?" सगळे गप्प बसले. मी शाळेच्या मंत्रिमंडळात स्वच्छता मंत्री आहे. मी अंगण रोज झाडून घेत होते, पण वर कधीच बघितले नाही. बॅटरी खराब झाली. तेव्हापासून पहिलीची मुले संगणकाला नुसता हात लावून जातात. माझा लहान भाऊ त्यातच आहे. तो मला विचारतो, "ताई, कधी चालू होणार?"

तोकेलाऊची गोष्ट ऐकून मी गुरुजींना सांगितले, नवी बॅटरी आली की वहीत पाळ्या लिहू. दर शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत एका पालकांनी शिडीवरून प्लेटा पाण्याने धुवाव्यात. आम्ही मुलांनी खालून पाणी द्यावे. बॅटरीचे पाणी दर महिन्याला गुरुजींनी बघावे. त्यात तेजाब असते, म्हणून मुलांनी हात लावू नये. आम्ही तारीख लिहून ठेवू. गुरुजी हो म्हणाले. वही केली आहे. ती या पत्रिकेच्या खाली खिळ्याला टांगली आहे. पहिल्या शनिवारी माझ्या बाबांचे नाव आहे. पुढच्या रांगा रिकाम्या आहेत. पालकांनी जाताना आपले नाव लिहावे, ही विनंती.

सोडवा पाहू
१. तोकेलाऊमध्ये एका बॅटरीमागे किती प्लेटा होत्या?
२. एका बेटावर रोज २०० लिटर डिझेल, तर तीन बेटांवर ३० दिवसांत किती?
३. तुमच्या घरी कोणता दिवा उगीच चालू असतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी जाऊन बघून मग लिहा.

इयत्ता चौथी, स्वच्छता मंत्री