सहावा सूर

एकच पट्टी लागोपाठ दाबली. पाच वेळा सूर नीट लागला, सहाव्यांदा नुसती खरखर. पुन्हा पाच वेळा नीट, पुन्हा खरखर. ऐंशीच्या दशकातला सहा आवाजांचा अॅनलॉग सिंथ घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी मला हे कळलं. विकत घेताना मी दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड वाजवले होते, आणि सहा सुरांच्या गर्दीत एक गळला तर कानाला पत्ता लागत नाही. एकेरी धून वाजवायला बसलो तेव्हा उलगडा झाला. पाळीपाळीने वाजणाऱ्या सहापैकी एका आवाजाचं सर्किट निकामी होतं, त्याचे भाग मिळवण्यात पाच महिने गेले आणि तोवर आणखी एक आवाज बसला.

जुन्या वाद्यांना हा रोग सर्रास जडतो. १९८४ सालच्या रोलँड ज्युनो-१०६ मध्ये प्रत्येक आवाजाला फिल्टर आणि व्हॉल्यूम सांभाळणारी ८००१७ए नावाची चिप आहे. तिच्यावरचं राळेसारखं आवरणच काही वर्षांनी चिपला मारतं. कारागीर ती काढून अॅसिटोनमध्ये भिजवतात, आवरण सोलतात आणि पुन्हा सोल्डर करतात, किंवा नव्याने घडवलेली प्रतिकृती बसवतात. शिवाय जपानी बाजारासाठी बनलेलं वाद्य १०० व्होल्टवर चालतं. मागची पट्टी न वाचता आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलं तर पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा.

म्हणून आज त्या जुन्या आवाजासाठी नवं वाद्य घेणं शहाणपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र दुकानात जाण्याआधी हवा असलेला आवाज वाद्याच्या कुठल्या भागातून येतो, हे ओळखता आलं पाहिजे.

ज्युनोचंच पाहा. त्याचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळाच्या तालावर चालतात, त्यामुळे सूर जराही हलत नाही. लोक ज्याला ऊब म्हणतात ती बरीचशी त्याच्या कोरसमधून येते. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा कोरसच्या चिपमध्ये आवाज एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर डावीकडे वाढतो तेव्हा उजवीकडे घटतो, आणि खोली रुंदावल्यासारखी वाटते. १९७० च्या मिनिमूगची गोष्ट वेगळी. तो एका वेळी एकच सूर वाजवतो, पण तीन ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित सरकत राहतात आणि त्यांच्यापुढे २४ डेसिबलचा फिल्टर असतो. एकाची गोडी दुसऱ्यात शोधणारा निराशच होणार.

आपल्याकडचं उदाहरण चरणजित सिंग यांचं. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. त्यातला घसरत जाणारा बास हवा असेल, तर नुसता फिल्टर जुळून भागत नाही. तो बास देणाऱ्या ३०३ ची निम्मी जादू तिच्या सिक्वेन्सरमधल्या स्लाइड आणि अॅक्सेंटमध्ये आहे. रोलँडची डिजिटल टीबी-०३ आणि बेहरिंगरची अॅनलॉग टीडी-३ या तिच्या नव्या अवतारांनी तो सिक्वेन्सरही सोबत आणला, हे महत्त्वाचं.

अॅनलॉग की डिजिटल, यावर वादक तासन्‌तास भांडतात. एका वेळी किती सूर वाजतात, याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही. २०१९ चा रोलँड जेयू-०६ए ज्युनोचा रंग सुरेख पकडतो, पण त्यात चारच सूर आहेत आणि पट्ट्याही नाहीत. डाव्या हातात चार सुरांचा कॉर्ड धरून उजव्याने धून सुरू करा, कॉर्डमधला एक सूर गळतो. कॉर्गचा मिनिलॉग अॅनलॉग आहे, तोही चार सुरांचाच. त्याच्या ३७ पट्ट्या अरुंद आहेत, पेटीवर बसलेला हात तिथे अडखळतो. बेहरिंगरच्या डीपमाइंड १२ मध्ये बारा सूर, पूर्ण आकाराच्या ४९ पट्ट्या आणि ज्युनोच्या वळणाचे ऑसिलेटर आहेत. कोरस डिजिटल आहे, पण पॅड वाजवणाऱ्याला मी आधी तोच दाखवेन. पैशांची अडचण नसेल तर २०२० मध्ये पुन्हा आलेला सिक्वेन्शलचा प्रॉफेट-५ आहेच. १९७८ च्या मूळ वाद्यासारखे प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर, आणि तेही व्होल्टेजवर चालणारे.

दुकानात स्वतःचे हेडफोन न्यावेत. कारखान्यातून आलेले पॅच रिव्हर्बमध्ये भिजलेले असतात, म्हणून आधी सगळे इफेक्ट बंद करावेत. मग एकच सूर धरून फिल्टरची घुंडी अगदी हळू फिरवावी. आवाज मींडेसारखा सलग उतरतो की जिना उतरल्यासारखा पायरी-पायरीने, ते चटकन कळतं. त्यानंतर एकच पट्टी बारा-पंधरा वेळा दाबून प्रत्येक सूर वेगळा ऐकावा, वाद्य नवंकोरं असलं तरी. विक्रेता घाई करेल, करू द्यावी.