ड्रिल मशीनचा झिजलेला चक : कार्यानुभवाचा एक पाठ

ज्यांनी या वसतिगृहात राहून शिक्षण घेतले, त्यांना भांडारगृहाशेजारची कार्यानुभवाची खोली निश्चितच आठवत असेल. वसतिगृहातील मोडक्या कॉट, निखळलेले बाक, खिडक्यांचे कडी-कोयंडे आणि वर्गातील फळे यांची डागडुजी याच खोलीत होत आली आहे. तेथील विजेवर चालणारे ड्रिल मशीन ही त्या खोलीतील सर्वांत मानाची वस्तू. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकच विषय शिकवून भागत नाही. कार्यानुभवाच्या तासिकाही आमच्याकडे होत्या. त्या तासिकांपैकी एक पाठ आम्ही येथे मांडत आहोत. तो शिकवता शिकवता आम्हीच विद्यार्थी झालो, म्हणून तो लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एके दिवशी कॉटच्या लोखंडी पट्टीला भोक पाडताना मशीनचे बिट जागच्या जागी अडकले. मशीन फिरत होते, बिट मात्र फिरत नव्हते. आणि पाहता पाहता ते चकमधून निसटून एका विद्यार्थ्याच्या पावलाशेजारी पडले. सुदैवाने इजा झाली नाही. आम्ही तत्काळ वीज बंद केली. असा प्रकार तिसऱ्यांदा घडला होता. मुलांच्या जीविताशी खेळ नको, या विचाराने आम्ही ते मशीन कपाटात बंद केले आणि डेड स्टॉक रजिस्टरातील निर्लेखनाच्या यादीत त्याची नोंद करण्यास निघालो. तेव्हा दहावीतील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मोटर तर नीट फिरते. मग नक्की काय खराब झाले आहे?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून नोंद थांबवली आणि शोध सुरू केला.

चक म्हणजे काय?

मशीनच्या तोंडाशी असलेला, बिटाला घट्ट धरून ठेवणारा भाग म्हणजे चक. त्याच्या आत तीन जबडे असतात. हे जबडे तिरप्या भोकांत बसवलेले असून त्यांच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात. या आट्यांभोवती एक कडे असते. चकच्या बाजूच्या भोकात चावी घालून फिरवली, की चावीचे दाते चकच्या दात्यांत अडकतात, कडे फिरते आणि तिन्ही जबडे एकाच वेळी पुढे सरकून बिटावर आवळले जातात. तिघे सारखे सरकतात, म्हणूनच बिट नेमके मध्यभागी येते. या तीन जबड्यांचे आटे परस्परांशी थोडे पुढे-मागे कापलेले असतात; त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. अनेक चकच्या जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ते याच कारणासाठी.

इतिहासाच्या शिक्षकाला वस्तूचे वय विचारल्यावाचून राहवत नाही. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नॉट आणि विल्यम ब्लँच ब्रेन यांनी घेतले. हातात धरून चालवण्याजोगे विजेचे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात तयार झाले. चावीने आवळावयाच्या आजच्या चकचे पेटंट १९०२ मध्ये अमेरिकेतील आर्थर आयर्विंग जेकब्ज यांना मिळाले. जुन्या पद्धतीचा चक पान्याने आवळताना त्यांच्या बोटांची पेरे सोलवटली आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबण्याचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला मिळाले. तात्पर्य, आपल्या हातातील एकाच मशीनमध्ये तीन खंडांतील कारागिरांची बुद्धी एकत्र आलेली आहे.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

बिट थरथरत असेल, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो : बिटात, चकमध्ये किंवा चकला फिरवणाऱ्या दांड्यात, म्हणजेच स्पिंडलमध्ये. म्हणून प्रथम सरळ, नवे बिट लावून मशीन मंद गतीने चालवावे. टोक स्थिर राहिले, तर जुने बिटच वाकलेले होते असे समजावे. नव्या बिटाचे टोकही वर्तुळ काढीत फिरत असेल, तर मशीन बंद करून प्लग काढावा आणि चक हातात धरून आडवा हलवून पाहावा. स्पिंडलसह सारे खुळखुळत असेल, तर बेअरिंग गेलेले आहे. तेथे चक बदलून काहीही साधणार नाही. स्पिंडल घट्ट असून केवळ चकच दोषी असेल, तर त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. जबड्यांची टोके झिजून बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात, बिटाच्या दांडीवर घसरल्याचे ओरखडे उमटलेले असतात आणि दाते बोथट झाल्याने चावी निसटते. आमच्या मशीनवर या तिन्ही खुणा होत्या. मोटर, गिअर आणि बेअरिंग मात्र उत्तम स्थितीत होते.

आमची चूक

दोष सापडल्यावर आम्ही चक काढावयास घेतला. जबडे पूर्ण उघडून आत विजेरीचा प्रकाश टाकला, तेव्हा तळाशी एका स्क्रूचे डोके दिसले. आम्ही पेचकस लावला आणि आयुष्यभर जसे स्क्रू सैल केले, तसाच तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवू लागलो. स्क्रू तसूभरही हलला नाही. आम्ही अधिक जोर लावला. पेचकस घसरला आणि स्क्रूच्या डोक्यावरील खाच थोडी खराब झाली. मुले पाहत होती. “गंजला आहे,” असे आम्ही त्यांना सांगितले आणि तासिका संपवली. खरे कारण ठाऊक नसताना आम्ही उत्तर दिले, ही त्या दिवशीची आमची मोठी चूक होय.

पुढच्याच आठवड्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून कारखान्यात नोकरीस लागलेला आमचा एक विद्यार्थी त्या वेळी आला होता. शाळेत असताना इतिहासाच्या सनावळीत तो नेहमी अडखळत असे आणि त्यासाठी आम्ही त्याला अनेकदा बोललोही होतो. मशीन पाहताच तो संकोचून म्हणाला, “सर, राग मानू नका, पण हा स्क्रू उलट आट्यांचा आहे. सैल करायचा तर घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो.”

आम्ही म्हणालो, “अरे, राग कसला? असे का असते, ते या मुलांना सांग. आम्हीही ऐकतो.” आणि आम्ही मुलांच्या बाकावर जाऊन बसलो.

उलट आट्यांचे कारण

त्याने दिलेले स्पष्टीकरण असे. चक स्पिंडलवर नेहमीच्या, म्हणजे उजव्या आट्यांनी बसवलेला असतो. मशीन सरळ दिशेने चालत असताना लाकडाचा किंवा लोखंडाचा विरोध चकला अधिकच घट्ट करतो. परंतु अडकलेले बिट बाहेर काढण्यासाठी मशीन उलट फिरवले, की तोच विरोध चकला सैल करू पाहतो. तसे झाल्यास चालू मशीनवरून चक सुटण्याची भीती असते. म्हणून चकच्या पोटातून स्पिंडलमध्ये उलट आट्यांचा एक स्क्रू बसवतात. चक सैल होण्याच्या दिशेने फिरू लागला, तर तो या स्क्रूलाही आपल्याबरोबर ओढतो; आणि उलट आट्यांमुळे स्क्रू त्याच दिशेने अधिक घट्ट होतो. ज्या मशीनला उलट फिरण्याची सोय नाही, त्यात बहुधा हा स्क्रू नसतो.

आम्ही ज्याला गंज समजलो, ते वस्तुतः कोणा कुशल अभियंत्याचे सुरक्षेसाठी केलेले नियोजन होते. आम्ही जितका जोर लावला, तितका तो स्क्रू घट्टच होत गेला.

चक काढण्याची रीत

१. प्लग काढावा. बॅटरीचे मशीन असल्यास बॅटरी काढावी. डोळ्यांना गॉगल लावावा.

२. दोन गतींचे मशीन असेल, तर गिअर मंद गतीवर ठेवावा.

३. जबडे पूर्ण उघडून आतील धूळ झाडावी. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्यावा आणि चकच्या तोंडासमोरून पाहताना स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून काढावा. हा स्क्रू जपून ठेवावा.

४. चकमध्ये मावेल अशी जाड ॲलन चावी घ्यावी. तिची आखूड बाजू चकमध्ये घालून जबडे घट्ट आवळावेत. झिजलेले जबडेही जाड दांडी बऱ्यापैकी धरतात.

५. मशीन टेबलावर आडवे ठेवून लांब बाजू टेबलाच्या कडेबाहेर आडवी राहील असे करावे. समोरून पाहताना चक घड्याळाच्या उलट दिशेने फिरेल, अशा रीतीने लांब बाजूच्या टोकाजवळ लाकडी हातोड्याने एकच झटक्याचा ठोका द्यावा. हळूहळू दाबल्यास आतील गिअर नुसते फिरतात. झटका दिल्यास त्यांना फिरावयास अवसर मिळत नाही आणि आटे सुटतात.

६. चक सैल झाल्यावर तो हाताने फिरवून काढावा.

आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या ठोक्याला चक सोडवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

नवा चक निवडताना

दुकानात जाताना जुना चक बरोबर न्यावा. त्याच्या अंगावर सहसा दोन गोष्टी कोरलेल्या असतात : किती मिलिमीटरपर्यंतचे बिट बसते आणि मागचे आटे कोणत्या मापाचे आहेत. आमच्या चकवर १३ मिलिमीटर आणि १/२–२० अशी नोंद होती. म्हणजे आट्यांचा व्यास अर्धा इंच, मिस्त्रींच्या भाषेत चार सूत, आणि एका इंचात २० आटे. लहान मशीनवर पुष्कळदा ३/८–२४, म्हणजे तीन सूत व्यास आणि इंचात २४ आटे, असे माप आढळते. ही दोन्ही मापे जुळली पाहिजेत. मशीन आणि चक एकाच कंपनीचे असण्याची आवश्यकता नाही. काँक्रीट फोडण्याच्या रोटरी हॅमरमध्ये एसडीएस नावाची वेगळी रचना असते. तिला ही रीत लागू पडत नाही.

नवा चक बसवताना स्पिंडलचे आटे कापडाने स्वच्छ पुसावेत. चक लावण्यापूर्वी क्षणभर मशीन चालवून स्पिंडल सरळ फिरतो आहे, याची खात्री करावी आणि पुन्हा प्लग काढावा. चक हाताने घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवावा, मग ॲलन चावी धरून त्याच दिशेने एक हलका ठोका द्यावा. जबडे उघडून आतील स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट करावा. खाच खराब झालेला स्क्रू पुन्हा वापरू नये. आम्ही नव्या चकबरोबर तसाच उलट आट्यांचा नवा स्क्रू आणला. शेवटी बिट लावून चावी तिन्ही भोकांतून आवळावी आणि टाकाऊ लाकडावर भोक पाडून पाहावे. मशीन सुरू करण्यापूर्वी चावी चकमधून काढलीच पाहिजे. चालू मशीनजवळ हातमोजे, सैल बाह्या, ओढणी किंवा मोकळे केस असू नयेत.

नवा चक आणि स्क्रू यांना आलेला खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या मानाने अत्यल्प होता. रजिस्टरातील निर्लेखनाची नोंद झाली नाही. आजही वसतिगृहाच्या कॉट त्याच मशीनने दुरुस्त होतात. जुना चक आम्ही वर्गाच्या कपाटात ठेवला आहे. नव्या तुकडीला तो दाखवताना आम्ही आमची चूक प्रथम सांगतो आणि नंतर त्या स्क्रूचे कारण मुलांनाच शोधावयास लावतो. शिक्षकाला “ठाऊक नाही” असे म्हणता आले पाहिजे, हे आम्ही सेवेच्या उत्तरार्धात शिकलो. आणि ते शिकवणारा विद्यार्थी सनावळीत कच्चा होता, याची आता आम्हांस खंत वाटत नाही, उलट आम्ही त्याला बोललो याचीच वाटते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणी फिटर आहे, कोणी वायरमन, कोणी परिचारिका, कोणी शेती करतो, कोणी शिवणकाम करते. शाळेला देणगी देता आली नाही, म्हणून कोणी संकोचाने दूर राहू नये. वर्षातून एक तासिका आपल्या कामासाठी मागून घ्या. कार्यानुभवाची खोली उघडी आहे आणि तुमचा पाठ चालू असताना बाकावर बसावयास आम्ही सिद्ध आहोत.